पेरोंना माध्यमांनी कसं तोललं

प्रश्न पत्रकारितेच्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती लिहिते: "१९९२ साली रॉस पेरो नावाचे उद्योगपती अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी अपक्ष उभे राहिले. जुनी कात्रणं वाचताना दिसतं की माध्यमांनी त्यांना आधी डोक्यावर घेतलं, मग विक्षिप्त ठरवलं आणि शेवटी विसरून गेली. यातलं बरोबर काय होतं? जिंकण्याची फारशी आशा नसलेल्या अशा उद्योगपती उमेदवाराबद्दल बातमीदारानं मत बनवावं तरी कसं?"

मी मराठी दैनिकात परदेशी बातम्यांच्या डेस्कवर तीसेक वर्षं काढली. त्यात अमेरिकेच्या आठ निवडणुका हाताखालून गेल्या. पेरोंची माझ्यासाठी पहिली नव्हती, पण सगळ्यात जास्त शिकवून गेली ती हीच. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

उत्तर आधी सांगतो. पेरो जिंकणार नाहीत, हा माध्यमांचा अंदाज बरोबर ठरला. पण त्या एकाच खुंटीला बाकी सगळं टांगलं गेलं आणि तिथेच चूक झाली. जिंकतील असं वाटलं तेव्हा त्यांचा हट्ट म्हणजे निर्धार होता. हरतील असं वाटलं तेव्हा तोच हट्ट खूळ झाला. फेब्रुवारी ते नोव्हेंबर या नऊ महिन्यांत पेरो काडीचेही बदलले नव्हते. त्यांच्याबद्दल जे खरोखर कळायला हवं होतं ते कितीतरी आधीपासून छापून आलेलं होतं. फक्त ते व्यापाराच्या पानावर होतं, आणि निवडणूक लिहिणारी मंडळी राजकारणाच्या पानावरची होती.

माझी चूक आधी सांगतो, कारण तिच्यामुळेच मी या विषयाकडे वळलो. ३ नोव्हेंबरला तिकडे मतदान झालं, निकाल आपल्याकडे ४ तारखेला सकाळी यायला लागले. म्हणजे आमच्या हाताशी पूर्ण दिवस होता. अयोध्येचं वातावरण तापत होतं, शेअर घोटाळ्याच्या बातम्या रोज येत होत्या, त्यामुळे पहिल्या पानावर जिंकलेल्या बिल क्लिंटन यांच्यापुरतीच जागा होती. पेरोंवर मी आतल्या पानात तीन परिच्छेदांची चौकट केली. वृत्तसंस्थेच्या कॉपीत लिहिलं होतं की त्यांना एकही इलेक्टोरल मत, म्हणजे राज्यागणिक मोजलं जाणारं आणि अध्यक्ष ठरवणारं मत, मिळालेलं नाही. मी मथळा दिला, 'पेरो यांचा धुव्वा'. मजकुराचं ब्रोमाइड निघालं, पान जुळवायला पेस्टिंगला गेलं. रात्री वृत्तसंपादक पानांवरून नजर फिरवत होते. त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं.

"मतं किती पडली?"

"एकोणीस टक्क्यांच्या आसपास."

"पक्ष नाही, संघटना नाही, मध्येच दोन-अडीच महिने मैदान सोडून गेलेला माणूस. तरी जवळपास पाचातल्या एकानं त्याला मत दिलं. याला धुव्वा म्हणतात का?"

मथळा बदलला. पण घरी जाताना मला एकच गोष्ट सतावत राहिली. मी ती कॉपी दोनदा वाचली होती, टक्केवारी त्यातच होती, आणि तरीही मला फक्त शून्य दिसलं. हरणारा म्हणून हा माणूस डोक्यात आधीच पक्का झाला होता.

आता मूळ गोष्ट. २० फेब्रुवारी १९९२ च्या रात्री पेरो सीएनएनवर लॅरी किंग यांच्या कार्यक्रमात आले. किंग वेगवेगळ्या तऱ्हेनं एकच विचारत होते, उभे राहणार का? पेरो नाही म्हणत होते. कार्यक्रम संपता संपता म्हणाले की सामान्य लोकांनी पन्नासही राज्यांत माझं नाव मतपत्रिकेवर आणून दाखवलं तर उभा राहीन. तिकडे अपक्षाला प्रत्येक राज्यात तिथल्या नियमाप्रमाणे मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, त्यामुळे ही अट सोपी नव्हती. पण लोक खरोखर कामाला लागले. दुकानांबाहेर टेबलं मांडून सह्या घेणारे स्वयंसेवक उभे राहिले. जूनच्या सुरुवातीला गॅलप या संस्थेची जनमत पाहणी आली: पेरो ३९ टक्के, अध्यक्ष बुश ३१, क्लिंटन २५. दोन्ही प्रस्थापित पक्षांच्या पुढे एक अपक्ष.

या काळातलं लेखन वाचलंत तर त्यात एक प्रकारचं हरखून जाणं दिसेल. त्याला कारणंही होती. मंदी नुकती सरत होती, पण नोकऱ्या परत येत नव्हत्या. सरकारची वार्षिक तूट २९० अब्ज डॉलरला पोचली होती आणि एकूण कर्ज ४ लाख कोटी डॉलरच्या घरात. लोक वॉशिंग्टनवर चिडलेले होते. आणि हा बुटका, मोठ्या कानांचा, टेक्सासच्या हेलात बोलणारा माणूस गॅरेजमधल्या मेकॅनिकसारखा म्हणत होता की बॉनेट उघडू, खाली शिरू, दुरुस्त करू. सरकार धंद्यासारखं चालवायला हवं, हे त्यांच्या समर्थकांचं मुख्य म्हणणं. बातमीदारांनी ते वाक्य हजार वेळा छापलं. त्यावर "कुठल्या धंद्यासारखं?" हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळं इथेच आहे.

पेरो आयबीएममध्ये विक्रेते होते. इतके तरबेज की १९६२ चं वर्षभराचं उद्दिष्ट त्यांनी जानेवारीतच संपवलं. त्याच वर्षी २७ जूनला, आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी, हजार डॉलर घालून त्यांनी इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स, म्हणजे ईडीएस, ही कंपनी काढली. यंत्र विकायचं नाही, दुसऱ्यांचं संगणकावरचं काम करून द्यायचं, अशी कल्पना. ती काळाच्या पुढची होती, याबद्दल वाद नाही. आज आपल्या पुण्या-मुंबईतली लाखो मुलं ज्या प्रकारच्या धंद्यावर घर चालवतात, त्याचं हे मूळ रूप म्हणता येईल. पण ईडीएसचं सोनं झालं ते १९६५ नंतर. त्या वर्षी मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना आल्या आणि बिलांचे, दाव्यांचे डोंगर साचले. ते उपसण्याचं काम ईडीएसला आधी टेक्सासमध्ये मिळालं, मग एकामागून एक राज्यांत. १९६८ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि पेरो कागदावर अब्जाधीश होण्याच्या वाटेला लागले. १९७१ मध्ये रॅम्पार्ट्स या नियतकालिकानं त्यांना 'अमेरिकेचा पहिला वेल्फेअर अब्जाधीश', म्हणजे सरकारी कल्याण योजनांवर अब्जाधीश झालेला, म्हटलं होतं. पेरो निवडणुकीला उभे राहिले त्याच्या एकवीस वर्षं आधी.

यात लाजिरवाणं काही नाही. सरकारी कंत्राट चोख पुरं करणं ही मोठी लायकीच आहे. पण सरकार धंद्यासारखं चालवू म्हणणाऱ्याचा धंदाच सरकारवर उभा राहिला असेल, तर वाचकाला ते पहिल्या दिवशी कळायला हवं. त्यावरून त्या माणसाला पुढचे चांगले प्रश्न विचारता येतात. सरकारी काम कुठे तुंबतं हे तुम्ही आतून पाहिलंत, तर सांगा, कुठे तुंबतं? मेडिकेअरचा खर्च कसा आवराल? या प्रश्नांना पेरोंकडे कदाचित सगळ्या उमेदवारांपेक्षा चांगली उत्तरं असती.

दुसरी गोष्ट जनरल मोटर्सची. १९८४ मध्ये या अवाढव्य कंपनीनं ईडीएस अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. पेरो तिच्या संचालक मंडळावर गेले, तिचे सगळ्यात मोठे वैयक्तिक भागधारक झाले. आणि दोन वर्षांत तिथे उभी फूट पडली. मोटारी वाईट निघतात, वरिष्ठ साहेब कामगारांपासून तुटलेले आहेत, असं ते उघडपणे बोलू लागले. त्यांचं म्हणणं बरंचसं खरं होतं; त्या काळात जपानी गाड्यांनी अमेरिकी कंपन्यांना घाम फोडला होता. पण मुद्दा वेगळा आहे. मंडळातल्या एकाही माणसाला त्यांनी आपल्या बाजूला वळवलं नाही. डिसेंबर १९८६ मध्ये जनरल मोटर्सनं त्यांचे शेअर सुमारे ७० कोटी डॉलर मोजून परत घेतले आणि पेरो बाहेर पडले. बाहेर पडले त्याच दिवशी, माझ्यावर एवढे पैसे कशाला उधळता, असा जाहीर सवालही त्यांनी मंडळाला केला.

ईडीएसमध्ये शिस्त लष्करी होती. पांढरा शर्ट, गडद सूट, दाढीला मज्जाव. मालकाचा शब्द शेवटचा. तिथे पेरो अफाट यशस्वी झाले. जिथे शब्द शेवटचा नव्हता, समोरची माणसं नाही म्हणू शकत होती, त्या मंडळात जेमतेम दोन-सव्वादोन वर्षं टिकले. आता अमेरिकेच्या अध्यक्षाची नोकरी काय असते बघा. काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, ५३५ सदस्य समोर, त्यातला एकही त्याला काढून टाकता येत नाही, आणि त्यांच्या होकाराशिवाय एक डॉलर हलत नाही. शिवाय पेरोंना तर स्वतःचा म्हणावा असा तिथे एकही पक्ष नव्हता. मग बातमीदारानं सगळ्यात आधी काय तपासायला हवं होतं? नाही म्हणणाऱ्या माणसाशी हा गृहस्थ कसा वागतो, हे. त्याचा पुरावा डिसेंबर १९८६ च्या अंकांत होता.

तो वापरला गेला नाही असं मी म्हणत नाही. व्यापारी नियतकालिकांतल्या लोकांनी लिहिलं. पण ते लेखन वेगळ्या पानावर राहिलं, आणि दौऱ्यावर फिरणाऱ्या बातमीदाराला पाहणीच्या ताज्या आकड्यापुढे दुसरं काही सुचत नव्हतं.

याच वर्षी आपल्या मुंबईत काय झालं, तेही शेजारी ठेवून बघा. शेअर दलाल हर्षद मेहतांच्या गाड्यांची, समुद्राकडे तोंड केलेल्या घराची वर्णनं भरभरून छापून येत होती. २३ एप्रिल १९९२ ला टाइम्स ऑफ इंडियात सुचेता दलाल यांची बातमी आली आणि चित्र उलटं झालं. बँकांच्या व्यवहारात कुठला पैसा कुठल्या कागदावर कुठे जातो, हे कळणाऱ्या बातमीदारानं ती काढली. माणसाच्या झगमगाटावर लिहिणारे तेव्हाही पुष्कळ होते. माझ्या पिढीतल्या मराठी उपसंपादकांनी यातून जो धडा घ्यायला हवा होता तो आम्ही शेअर बाजारापुरता घेतला. उद्योगपती राजकारणात उतरला तर त्यालाही हीच नजर लावायची असते, हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

जूननंतर वारं फिरलं. पेरोंनी पूर्वी बुश आणि त्यांच्या मुलांविषयी चौकशा केल्या होत्या, अशी बातमी वॉशिंग्टन पोस्टनं दिली. 'इन्स्पेक्टर पेरो' हे नाव पडलं. ११ जुलैला नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेपुढे बोलताना ते श्रोत्यांना दोनदा 'तुम्ही लोक' म्हणून गेले. ती बातमी भाषांतर करताना मला एक शब्दही जास्तीचा घालावा लागला नाही. आपल्याकडे 'तुम्ही लोक' म्हटलं की काय अर्थ होतो हे कुणाला सांगायला नको. मोहीम चालवायला नेमलेले अनुभवी व्यवस्थापक एड रोलिन्स १५ जुलैला सोडून गेले, कारण पेरो त्यांचं ऐकत नव्हते. दुसऱ्याच दिवशी, १६ जुलैला, पेरोंनीच माघार घेतली. न्यूजवीकच्या मुखपृष्ठावर त्यांचा फोटो आणि एक शब्द आला: पळपुटा.

हा निवाडा कठोर होता, पण मला तो अन्याय्य वाटत नाही. ज्या स्वयंसेवकांनी चार महिने उन्हात उभं राहून सह्या गोळा केल्या, त्यांना ही बातमी टीव्हीवरून कळली. माझी तक्रार वेगळी आहे. सगळ्यांना धक्का बसला, आणि तो बसायला नको होता. जनरल मोटर्समध्ये जे झालं तेच इथे झालं: जाणकार माणसं नेमली, त्यांनी वेगळं मत दिलं, भांडण झालं, खेळ सोडला. साडेपाच वर्षांपूर्वीचं कात्रण ज्यानं जपून ठेवलं असेल, त्याला जुलै आधीच दिसला असता.

१ ऑक्टोबरला पेरो परत आले. आता पाहण्यांत त्यांचा आकडा एक अंकी होता आणि माध्यमांनी त्यांच्यावर फुली मारली होती. आणि इथूनच, माझ्या मते, त्यांची मोहीम खरी वाचनीय होते.

६ ऑक्टोबरला त्यांनी सीबीएस या टीव्ही वाहिनीवर संध्याकाळच्या मोक्याच्या वेळेतला अर्धा तास स्वतःच्या पैशानं विकत घेतला. मी त्याचं चित्रीकरण बऱ्याच वर्षांनी पाहिलं. संगीत नाही, झेंडे नाहीत, हसरी कुटुंबं नाहीत. एक टेबल, मागे पुस्तकांचं कपाट, सूट-टाय घातलेले पेरो. हातात एक छडी आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले तक्ते. एक तक्ता उचलतात, कॅमेऱ्याकडे धरतात, छडीनं रेषेवर टकटक करतात, कर्ज कुठून कुठे गेलं ते सांगतात, तक्ता बाजूला ठेवतात, दुसरा उचलतात. शाळेत गणिताच्या सरांचा तास असावा तसं. जाहिरातीच्या धंद्यातल्या कुठल्याही हिशेबानं हे कुणी पाच मिनिटंसुद्धा बघायला नको. १ कोटी ६५ लाख लोकांनी पाहिलं.

या आकड्यापुढे राजकीय बातमीदारांनी काय करायला हवं होतं? लोक अंदाजपत्रकाचे तक्ते बघायला बसतात, याचा अर्थ काय, हे शोधायला मोहल्ल्यामोहल्ल्यात जायला हवं होतं. काही जण गेलेही. पण टीव्हीला त्या तक्त्यांची नक्कल जास्त आवडली. पेरोंचे कान, त्यांचा आवाज, त्यांची छडी, यांवर विनोदी कार्यक्रम बेतले गेले, आणि नकलेनं मूळ माणसाची जागा घेतली. तक्त्यांवर काय होतं, पेट्रोलवरचा कर वाढवावा असं मतदाराच्या तोंडावर सांगणारा हा एकटाच उमेदवार कसा, यावर त्या मानानं फार कमी बोललं गेलं.

डेस्कवर आम्हाला त्यांचं बोलणं मराठीत आणताना घाम फुटायचा. १५ ऑक्टोबरला रिचमंडच्या वादसभेत ते उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराबद्दल म्हणाले की हा झाला तर दक्षिणेकडे, म्हणजे मेक्सिकोकडे, एक प्रचंड शोषून घेतल्याचा आवाज ऐकू येईल. शब्दशः लिहिलं तर मराठीत काहीच दिसत नाही. एक सहकारी म्हणाला, मोरीतलं बूच काढल्यावर पाणी शेवटी जो आवाज करत जातं ना, तो. बरोबर तोच. पण 'नोकऱ्या मोरीतून गेल्यासारख्या' असं छापायची आमची हिंमत झाली नाही आणि आम्ही 'नोकऱ्यांचा ओघ दक्षिणेकडे जाईल, असा इशारा त्यांनी दिला' असं सपक वाक्य लिहिलं. मराठी वाचकाला पेरो कधी दिसलेच नाहीत, त्याला आमची ही वाक्यंही कारण आहेत.

अॅडमिरल जेम्स स्टॉकडेल यांचं काय झालं, हे मात्र मी आजही शांतपणे लिहू शकत नाही. पेरोंचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार. मतपत्रिकेवर कुणाचं तरी नाव हवं म्हणून मार्चमध्ये तात्पुरतं घातलेलं त्यांचं नाव तसंच राहून गेलं. १३ ऑक्टोबरला अटलांटात उपाध्यक्षपदाचे दुसरे दोन उमेदवार, क्लिंटन यांचे अल गोर आणि बुश यांचे डॅन क्वेल, यांच्यासोबत ते मंचावर उभे राहिले. सुरुवातीला म्हणाले, "मी कोण आहे? मी इथे का आलो आहे?" हा त्यांच्या डोक्यातला तत्त्वज्ञानाचा प्रश्न होता, ते स्टोइक या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान परंपरेचे गाढे वाचक होते. लोक हसले. पुढे एका प्रश्नावर म्हणाले की माझं श्रवणयंत्र बंद होतं, प्रश्न परत सांगा. झालं. दुसऱ्या दिवसापासून ते भांबावलेल्या म्हाताऱ्याचं चित्र म्हणून उरले. हा माणूस हनोईच्या तुरुंगात सात वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी होता. छळ सोसला, आपला वापर प्रचारासाठी होऊ नये म्हणून स्वतःचा चेहरा विद्रूप करून घेतला, आणि देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं. वादसभेच्या कसोटीवर ते नापास झाले हे खरं. उपाध्यक्षपदासाठी त्यांची तयारी नव्हती हेही खरं. पण त्या रात्रीच्या बातमीत या दोन वाक्यांना जागा होती आणि त्या सात वर्षांना नव्हती, ही माध्यमांची नापासी आहे.

जिथे माध्यमं बरोबर होती तेही सांगायला हवं. २५ ऑक्टोबरला सीबीएसच्या '६० मिनिट्स'मध्ये पेरो म्हणाले की बुश यांच्या रिपब्लिकन पक्षाची मंडळी माझ्या मुलीचं खोटं छायाचित्र बनवून तिच्या लग्नात विघ्न आणणार होती, म्हणून मी जुलैत माघार घेतली. पुरावा विचारला, तो त्यांच्याकडे नव्हता. बातमीदारांनी हे प्रकरण लावून धरलं. ते त्यांचं कामच होतं. एवढा गंभीर आरोप पुराव्याशिवाय करणारा माणूस अणुबॉम्बच्या कळीपाशी बसणार असेल तर विचारायलाच हवं. इथे 'जिंकेल का' हा प्रश्न कुणी मध्ये आणला नाही, आणि म्हणूनच हे काम नीट झालं.

आता निकाल. गॅलपच्या अखेरच्या अंदाजात पेरोंना १४ टक्के होते. प्रत्यक्षात मिळाले १८.९ टक्के, म्हणजे १ कोटी ९७ लाख मतं. १९१२ मध्ये माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पक्ष सोडून लढले होते, त्यानंतर दोन मोठ्या पक्षांबाहेरच्या कुणालाही इतकी टक्केवारी मिळाली नव्हती. मेन राज्यात ते ३१६ मतांनी बुश यांच्या पुढे दुसरे आले, यूटामध्ये क्लिंटन यांच्या पुढे. मग शून्य का? कारण बहुतेक राज्यांत पहिला येणारा त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं घेऊन जातो, आणि पेरोंची मतं देशभर सारखी पसरलेली होती. आपल्याकडे एखाद्या पक्षाला राज्यभर बारा-पंधरा टक्के मतं पडून जागा मोजक्याच येतात, तसंच. हे न समजल्यामुळेच माझ्याकडून तो मथळा झाला होता.

पेरोंनी बुश यांची मतं खाल्ली, असं आजही सर्रास लिहिलं जातं. मतदान केंद्राबाहेर त्या दिवशी केलेल्या पाहणीत पेरो-मतदारांना विचारलं होतं, ते नसते तर कुणाला दिलं असतं? बुश ३८ टक्के, क्लिंटन ३८ टक्के, बाकीच्यांतले बरेच घरीच बसले असते. तेव्हा कृपा करून तुमच्या लेखात 'मतं खाणारा' हा शब्द वापरू नका.

पुढे 'जिंकेल का' या प्रश्नाचा नियमच झाला. १९९६ मध्ये पेरो पुन्हा उभे राहिले तेव्हा वादसभा भरवणाऱ्या आयोगानं त्यांना जिंकण्याची वास्तव शक्यता नाही म्हणून मंचावर घेतलंच नाही. आदल्या खेपेला जवळपास दोन कोटी मतं मिळवलेला माणूस. त्या वेळी त्यांना ८.४ टक्के पडली. मंचावर येऊ न दिल्यामुळे किती कमी झाली आणि स्वतःच्या स्वभावामुळे किती, हे कुणालाच वेगळं काढता येणार नाही.

त्यांचा स्वभाव पुन्हा एकदा सगळ्यांनी पाहिला होता ९ नोव्हेंबर १९९३ ला, पुन्हा लॅरी किंग यांच्याच टेबलावर. समोर उपाध्यक्ष गोर, विषय मुक्त व्यापार करार. गोर यांनी १९३० मध्ये आयातकर वाढवणारे दोन लोकप्रतिनिधी, स्मूट आणि हॉली, यांचा फोटो चौकटीत घालून पेरोंना भेट दिला. पेरो चिडले ते चिडलेच. मला बोलू द्याल का, असं परत परत म्हणत राहिले. आठ दिवसांनी करार प्रतिनिधीगृहात मंजूर झाला. गोर त्यांना नाही म्हणत होते, आणि पेरो पुन्हा १९८६ च्या खुर्चीत बसलेले दिसत होते. दुसरीकडे तुटीचा विषय मात्र त्यांनी टेबलावर आणला तो कुणाला खाली ढकलता आला नाही. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अंदाजपत्रकात शिल्लक पडली, १९६९ नंतर पहिल्यांदा. त्याचं श्रेय वाढलेल्या अर्थव्यवस्थेला आहे, १९९० आणि १९९३ च्या करविषयक निर्णयांना आहे. पण ते निर्णय घेणाऱ्यांच्या मागे १ कोटी ९७ लाख मतदार उभे आहेत, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होतं.

नंतरच्या उमेदवारांबद्दल थोडक्यात. डोनाल्ड ट्रम्प यांनी जून २०१५ मध्ये उमेदवारी जाहीर केली. जुलैत हफिंग्टन पोस्ट या बातम्यांच्या संकेतस्थळानं त्यांच्या बातम्या मनोरंजन विभागात टाकायचं ठरवलं आणि डिसेंबरात तो निर्णय फिरवला. जिंकणार नाही म्हणून गांभीर्यानं घ्यायचं नाही, आणि प्रेक्षक येतात म्हणून सतत दाखवायचं: मार्च २०१६ पर्यंत त्यांना मिळालेल्या फुकट प्रसिद्धीची किंमत एका माध्यम-मापन कंपनीनं जवळपास दोन अब्ज डॉलर काढली होती. त्यांच्या १९९५ च्या कर विवरणपत्रातला ९१ कोटी ६० लाख डॉलरचा तोटा न्यूयॉर्क टाइम्सनं छापला तो १ ऑक्टोबर २०१६ ला. मतदानाला पाच आठवडे उरले होते.

विवेक रामस्वामी २०२३ मध्ये उतरले तेव्हा आपल्याकडच्या मथळ्यांत 'भारतीय वंशाचे' हेच विशेषण होतं. त्यांच्या उद्योगसमूहानं एका मोठ्या औषध कंपनीनं बाजूला टाकलेलं अल्झायमरवरचं औषध ५० लाख डॉलरना घेतलं, त्या एका औषधाच्या जोरावर २०१५ मध्ये बाजारातून ३१ कोटी डॉलरहून जास्त उभे केले, आणि २०१७ मध्ये औषध चाचणीत निकामी ठरलं. हे सगळं व्यापारी वृत्तपत्रांत तारीखवार होतं. औषध संशोधनात अपयश येतंच, त्यात गुन्हा नाही. पण अध्यक्ष व्हायला निघालेल्या माणसाची जोखीम घ्यायची पद्धत यातून दिसते, आणि वंशातून ती दिसत नाही. बेळगावच्या मराठी घरातून गेलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणुकीत उतरले तेव्हा आम्ही मराठी डेस्कवाल्यांनीही कौतुकाच्याच चौकटी केल्या. कंपनी उभी करणं, २०१० च्या सुमाराला कर्जापायी ती हातची जाणं, पुन्हा शून्यातून उभं राहणं, हा त्यांचा प्रवास मतदाराला उपयोगी पडेल असा होता. मिशिगनच्या पत्रकारांनी कर्जाचा भाग खोदला, आम्ही चढण्याचा भाग सजवला. पूर्ण माणूस दोन्हीकडच्या वाचकांना मिळाला नाही. ते तेव्हा तिसरे आले आणि २०२२ मध्ये काँग्रेसवर निवडून गेले.

तुम्ही विचारलंय, मत बनवावं कसं. मी माझ्या हाताखालच्या मुलांना एक सवय लावायचा प्रयत्न करायचो. उमेदवार उद्योगपती असला की पहिले दोन दिवस राजकारणाचं काहीच वाचायचं नाही. पैसा नेमका कुणाकडून आला, म्हणजे गिऱ्हाईक कोण, ते शोधायचं. कंपनी कधी अडचणीत आली, तेव्हा भागीदार, कामगार आणि धनको यांच्यातलं नुकसान कुणी सोसलं, ते शोधायचं. आणि ज्या खोलीत हा माणूस मालक नव्हता, अशी एक तरी खोली शोधायची. हे कागद हाताशी आल्यावर मगच भाषणं ऐकायची. पाहणीचा आकडा बातमीत द्यावाच लागतो, पण तो शेवटच्या परिच्छेदात गेला तरी चालतो.

तुमच्या लेखासाठी आधी ६ ऑक्टोबर १९९२ चा तो अर्धा तास सलग बघा, मध्ये थांबवू नका. मग ग्रंथालयात डिसेंबर १९८६ ची जनरल मोटर्सची कात्रणं काढा. पहिला मसुदा या दोन गोष्टींवरच लिहा आणि मला पाठवा; नोव्हेंबरचा निकाल त्यात अजून घालू नका.